आपल्या अंत्यसंस्काराची आखणी आपणच कशी करावी: पहिल्या सहा तासांपासून पुढे

घरातलं माणूस गेलं की रडायलाही सवड मिळण्याआधी प्रश्न सुरू होतात. डॉक्टर कोणते बोलवायचे? डोळे द्यायचे होते का? दहन की दफन? विधी करायचे की नाही? लांब राहणाऱ्या मुलासाठी थांबायचं का, आणि थांबायचं तर किती वेळ? दाखल्यावर नाव कसं लिहायचं? या प्रश्नांची उत्तरं ज्याला नक्की ठाऊक होती, नेमका तोच आता बोलू शकत नाही. मग जो तो अंदाज बांधतो. दोघांचे अंदाज जुळले नाहीत की भावंडांमध्ये अढी बसते, आणि ती कधीकधी आयुष्यभर सुटत नाही.

अंत्यसंस्काराची धावपळ शेजारीपाजारी, मित्र, नातेवाईक वाटून घेतात. खर्चाचीही कशीबशी सोय होते. निर्णयांचा भार मात्र कोणी वाटून घेऊ शकत नाही, आणि तो आपण आधी उचलून ठेवू शकतो. त्यासाठी दोनच गोष्टी लागतात. मोजके पण स्पष्ट निर्णय, आणि ते अमलात आणणारी एक व्यक्ती. पुढची आखणी मी घड्याळाच्या क्रमाने मांडली आहे, कारण घरच्यांना ती त्याच क्रमाने लागणार आहे.

हे काम धडधाकट असताना करायचं असतं. जगणं नकोसं वाटतंय म्हणून कोणी ही यादी करायला बसलं असेल, तर कागद बाजूला ठेवा आणि आजच जवळच्या माणसाशी किंवा डॉक्टरांशी बोला.

पायरी १: निर्णय घेणारी एक व्यक्ती ठरवा

कागदावर काहीही लिहिण्याआधी हे करा. इच्छा कितीही नीट लिहिलेली असली, तरी त्या दिवशी कोणीतरी उभं राहून "त्यांनी असं सांगितलं होतं, आणि आपण तसंच करणार आहोत" असं म्हणावं लागतं. ते म्हणणारं माणूस आधीच ठरलेलं नसेल, तर ज्याचा आवाज मोठा त्याचं चालतं.

ही व्यक्ती थोरला मुलगा किंवा जोडीदारच असावी असं काही नाही. जोडीदार त्या दिवशी कोसळलेला असण्याचीच शक्यता जास्त. भाची, धाकटी बहीण, जुना मित्र, कोणीही चालेल. मी निवड करताना तीन गोष्टी बघेन. ती व्यक्ती काही तासांत पोहोचू शकेल इतक्या अंतरावर राहते का, वडीलधाऱ्यांना नम्रपणे पण ठाम नकार देऊ शकते का, आणि तुमच्या इच्छा तिच्या स्वतःच्या श्रद्धेशी जुळत नसल्या तरी त्या पाळेल का. तिसरी गोष्ट सगळ्यांत अवघड आहे, म्हणून ती समोरासमोर विचारूनच घ्या. पहिली व्यक्ती उपलब्ध नसेल तर दुसरी कोण, हेही ठरवा.

इंग्लंडमधले विचारवंत जेरेमी बेंथम यांनी आपल्या देहाचं शिक्षणासाठी विच्छेदन व्हावं आणि सांगाडा जपून ठेवावा असं लिहून ठेवलं होतं. १८३२ मध्ये, त्या काळच्या समाजाला ही कल्पना सहन होणं कठीण होतं. तरी ती पार पडली, कारण हे काम त्यांनी आपले डॉक्टर मित्र साउथवुड स्मिथ यांच्यावर नाव घेऊन सोपवलं होतं. बेंथम यांचा तो जतन केलेला सांगाडा आजही युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनमध्ये आहे.

कायद्याची बाजूही पाहून घ्या, कारण ती देशागणिक बदलते. इंग्लंडमध्ये १८८२ च्या एका निकालापासून असं मानलं जातं की मृतदेह ही कोणाची मालमत्ता नाही, त्यामुळे अंत्यसंस्काराबद्दल मृत्युपत्रात लिहिलेली इच्छा कायद्याने बंधनकारक ठरत नाही. अमेरिकेतल्या अनेक राज्यांत मात्र हा अधिकार कोणाला द्यायचा ते ठरावीक अर्जावर नोंदवता येतं. तुम्ही राहता तिथे असा अर्ज असेल तर तो भरा. नसेल, तर कायद्याने ज्याचा पहिला हक्क आहे त्या नातेवाइकाला आजच विश्वासात घ्या आणि तुमच्या कागदावर त्याची साक्षीदार म्हणून सही घ्या. जिवंतपणी ज्याने सही केली, तो नंतर सहसा आड येत नाही.

पायरी २: पहिल्या सहा तासांसाठी लागणाऱ्या गोष्टी

सगळ्यात आधी मृत्यू झाल्याचं डॉक्टरांनी प्रमाणित करावं लागतं. त्यांच्या कागदावर मृत्यूचं कारण लिहिलेलं असतं, आणि पुढचा प्रत्येक दाखला त्यावर अवलंबून असतो. रुग्णालयात मृत्यू झाला तर हे काम तिथेच होतं. घरी झाला तर अडचण येऊ शकते, कारण ज्या डॉक्टरांनी तुम्हाला अलीकडे तपासलेलं नाही, ते कारण लिहायला तयार होत नाहीत. म्हणून नेहमीच्या डॉक्टरांचं नाव, नंबर, चालू आजार, औषधांची यादी आणि ताजे रिपोर्ट एका फायलीत ठेवा. वय झालेल्या किंवा दीर्घ आजारी माणसाने अधूनमधून डॉक्टरांना दाखवत राहणं यासाठीही गरजेचं आहे.

अपघात, पडणं, विषबाधा, किंवा कारण न कळलेला मृत्यू असेल तर बहुतेक ठिकाणी पोलिसांना कळवावं लागतं आणि पोस्टमॉर्टेम होऊ शकतं. तिथे तुमची इच्छा चालत नाही. घरच्यांना हे आधी माहीत असलं तर ते त्या वेळी हुज्जत घालत बसत नाहीत.

आता दानाबद्दल. इथे घड्याळ सगळ्यात जोरात धावतं, म्हणून जरा थांबून वाचा.

नेत्रदान घरी मृत्यू झाला तरी करता येतं. बुबुळं साधारण सहा तासांच्या आत काढावी लागतात, म्हणजे नेत्रपेढीला फोन पहिल्या अर्ध्या तासात जायला हवा. तोपर्यंत घरच्यांनी पापण्या मिटवाव्यात, त्यावर स्वच्छ ओल्या कापसाच्या घड्या ठेवाव्यात, पंखा बंद करावा आणि डोक्याखाली उशी देऊन डोकं थोडं उंच ठेवावं. पथक घरी येतं, अर्ध्या तासाच्या आत काम होतं, आणि चेहरा विद्रूप होत नाही. चष्मा असलेले, मधुमेह असलेले, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेले लोकही नेत्रदान करू शकतात. एचआयव्ही, हिपॅटायटिस बी किंवा सी, रेबीज, रक्तात पसरलेला जंतुसंसर्ग अशा काही कारणांनी मात्र डोळे स्वीकारले जात नाहीत. हा परिच्छेद तुमच्या कागदावर जसाच्या तसा उतरवून घेतलात तरी चालेल.

हृदय, यकृत, मूत्रपिंड यांचं दान वेगळं. ते बहुतांशी रुग्णालयात, माणूस व्हेंटिलेटरवर असताना मेंदूमृत घोषित झाल्यावरच शक्य होतं. घरी प्राण गेल्यावर हे अवयव देता येत नाहीत. अवयवदानाचं कार्ड पाकिटात असणं चांगलंच, पण त्या वेळी डॉक्टर घरच्यांनाच विचारतात आणि घरच्यांनी "नाही" म्हटलं तर बहुतेक ठिकाणी पुढे जात नाहीत. म्हणून कार्डापेक्षा घरी स्पष्ट बोलून ठेवणं जास्त कामाचं.

देहदान करायचं असेल तर जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या शरीररचनाशास्त्र विभागात आधी नोंदणी करा आणि त्यांच्या अटी विचारून घ्या. नोंदणी झाली म्हणजे देह घेतलाच जाईल असं नसतं. पोस्टमॉर्टेम झालेलं असेल, संसर्गजन्य आजार असेल, अवयव काढलेले असतील, किंवा त्यांच्याकडे जागाच नसेल तर ते नकार देऊ शकतात. नेत्रदान झालेलं बहुतेक ठिकाणी चालतं. देहदान लिहिणाऱ्या प्रत्येकाने त्याखाली "देह स्वीकारला गेला नाही तर पुढीलप्रमाणे करावं" हे वाक्य लिहायलाच हवं. हे नसल्यामुळे महाविद्यालयाच्या दारातून देह परत आणलेली कुटुंबं पुन्हा पहिल्या प्रश्नावर येऊन उभी राहतात.

आणखी एक नोंद छोटी दिसते पण महत्त्वाची आहे. शरीरात पेसमेकर किंवा तसं बॅटरीचं उपकरण असेल तर ते ठळकपणे लिहा. दहनाच्या उष्णतेने बॅटरी फुटते, दाहिनीचं नुकसान होतं आणि तिथल्या कामगारांना इजा होऊ शकते. ते दहनाआधी काढून घ्यावं लागतं.

घरात तुमच्यावर अवलंबून असलेलं कोणी आहे का? लहान मूल, अंथरुणाला खिळलेले आईवडील, कुत्रं, मांजर? त्या दिवशी त्यांच्याकडे कोण बघेल, कोणाची औषधं किती वाजता, हेही याच पानावर यायला हवं. धावपळीत सगळ्यात आधी विसरले जातात ते हेच जीव.

पायरी ३: देहाचं काय करायचं

दहन, दफन की देहदान, हा निर्णय तुमचाच असायला हवा. तो घरच्यांवर सोडू नका. "तुम्हाला योग्य वाटेल ते करा" हे ऐकायला उदार वाटतं, पण त्यामुळे त्यांच्या मनात कायमची शंका राहते.

निवडलेला पर्याय तुमच्या भागात खरोखर उपलब्ध आहे का, हे स्वतः फोन करून किंवा जाऊन विचारा. गॅसवर किंवा विजेवर चालणारी दाहिनी कुठे आहे, ती किती वाजेपर्यंत चालू असते, कोणते कागद मागतात, बंद असेल तर दुसरी जवळची कोणती? दफन हवं असेल तर जागा कोणाच्या नावावर आहे, तिथे पुन्हा दफन करता येतं का? बंद दाहिनीत तापमान साधारण ७५० ते १००० अंश सेल्सिअसपर्यंत जातं आणि दीड-दोन तास लागतात. मोठ्या माणसाची रक्षा साधारण दोन ते तीन किलो भरते. हे आकडे कोरडे वाटतील, पण रक्षा मिळायला किती वेळ थांबायचं आणि ती कशात आणायची, हे घरच्यांना यावरूनच कळतं.

नवे पर्यायही आले आहेत. अल्कलीमिश्रित गरम पाण्यात देह विरघळवण्याची पद्धत काही देशांत चालते. शेवटी हाडं उरतात, त्यांची भुकटी करून कुटुंबाला देतात. दक्षिण आफ्रिकेचे आर्चबिशप डेस्मंड टुटू यांनी हीच पद्धत निवडली होती. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्याने २०१९ मध्ये देहाची माती करण्याच्या पद्धतीला कायद्याने मान्यता दिली. तुमच्या देशात हे नसेल तर ते इच्छेत लिहू नका. पाळता न येणारी इच्छा घरच्यांना नुसती टोचत राहते.

अस्थी किंवा रक्षेबद्दल एक वाक्य पुरे. कुठे, कोणी, आणि किती दिवसांत. मी मुदत घालायला सांगते, कारण मुदत नसली की कलश कपाटात राहून जातो आणि त्याच्याकडे बघून कोणाला तरी रोज अपराधी वाटत राहतं. शक्यतो जवळची, सहज पोहोचता येईल अशी जागा निवडा.

परगावी किंवा परदेशी जाणाऱ्यांनी एक ओळ जास्तीची लिहावी. तिथेच मृत्यू झाला तर देह आणायचा की तिथेच अंत्यसंस्कार करून रक्षा आणायची? परदेशातून देह आणायला मृत्यूचा दाखला, देह टिकवण्याची रासायनिक प्रक्रिया केल्याचं प्रमाणपत्र, दूतावासाची परवानगी, बंद पेटी, विमानाची व्यवस्था एवढं सगळं लागतं. रक्षा आणणं कितीतरी सोपं आणि स्वस्त असतं. प्रवासविम्यात देह परत आणण्याचा खर्च धरला आहे का, ते पॉलिसी घेतानाच बघा.

पायरी ४: किती थांबायचं, कोणाला कळवायचं

सगळ्यात जास्त वाद थांबण्यावरून होतात. एक म्हणतो मुलगी आल्याशिवाय नाही, दुसरा म्हणतो देह असा ठेवायचा नाही. दोघांचंही प्रेमच असतं. म्हणून आकडा तुम्ही द्या: "अमुक व्यक्तीसाठी जास्तीत जास्त २४ तास थांबा, त्यापुढे थांबू नका. तिला प्रत्यक्ष येता आलं नाही तर व्हिडिओ कॉलवर दाखवा." शेवटचं वाक्य लांबच्या मुलांना फार मोठा आधार देतं. पोहोचू न शकल्याची बोच कमी करणारी परवानगी फक्त तुम्हीच देऊ शकता.

थांबायचं असेल तर शीतपेटी किंवा शवागार लागतं, त्यांचे नंबर लिहून ठेवा. देहदान करायचं असेल तर थांबण्याआधी महाविद्यालयाला विचारावं लागतं.

कळवायच्या लोकांची यादी दोन भागांत करा. पहिल्या भागात फक्त ती माणसं, ज्यांना फोनवरूनच, आवाजातूनच कळायला हवं. इतरांना या लोकांनी पुढे कळवायचं. पहिल्या यादीतल्या सगळ्यांना कळेपर्यंत कोणीही समाजमाध्यमांवर काही टाकू नये, हे स्पष्ट लिहा. बहिणीला भावाच्या मृत्यूची बातमी फेसबुकवरून कळणं फार वाईट. बातमीसाठी लागणारा तुमच्या आवडीचा फोटो आणि चार ओळींचा परिचय आजच तयार करून ठेवता येईल.

पायरी ५: विधी

इथे मला तुम्हाला थोडं थोपवायचं आहे. विधींबद्दल लिहायला बसलं की हात सैल सुटतो. कोणतं संगीत, कोणते कपडे, कोण बोलणार, कोण नाही, कोणती फुलं. प्रत्येक जास्तीची सूचना त्या दिवशी कोणाला तरी धावायला लावते, आणि ती पूर्ण झाली नाही की त्याला अपयशी वाटतं.

तीन शीर्षकं करा: "हे नक्की करा", "हे नक्की करू नका" आणि "हे तुम्ही ठरवा". पहिल्या दोन्हींत मोजक्याच ओळी लिहा. विधी धार्मिक की नाहीत, पुढे होऊन ते कोणी करायचे, अंगावरचा कोणता दागिना काढायचा आणि कोणता राहू द्यायचा, अंतिम दर्शन खुलं ठेवायचं की नाही. बाकी सगळं तिसऱ्या शीर्षकाखाली मोकळेपणाने सोडा. निरोप घेणारी माणसं जिवंत आहेत, त्यांना रडायला, गायला, प्रार्थना करायला जागा लागते. तुमचा विश्वास नसलेली एखादी प्रार्थना तुमच्या आईला म्हणावीशी वाटली, तर ती म्हणू द्या.

"हे नक्की करू नका" मधलं काही तुमच्या घरच्यांच्या रीतीविरुद्ध असेल, तर त्याची तयारी सगळ्यात जास्त करावी लागते. जवाहरलाल नेहरूंनी १९५४ मध्ये लिहिलेल्या मृत्युपत्रात म्हटलं होतं की आपल्या मृत्यूनंतर कोणतेही धार्मिक विधी करू नयेत. मूठभर रक्षा अलाहाबादला गंगेत सोडावी आणि बरीचशी विमानातून शेतांवर विखुरावी, असंही त्यात होतं. मे १९६४ मध्ये त्यांचं निधन झालं तेव्हा अंत्यसंस्कार धार्मिक विधींसह झाले, रक्षेबद्दलची इच्छा मात्र पाळली गेली. विधी पहिल्याच दिवशी होतात, रक्षेला हाताशी दिवस असतात. पहिल्या दिवसाची, तीही रूढीविरुद्धची इच्छा टिकवायची असेल तर ती जवळच्या प्रत्येकाने तुमच्या तोंडून ऐकलेली असावी लागते. नंतर उघडलेला कागद तिथे पुरा पडत नाही.

पायरी ६: पैसे

साधा अंत्यसंस्कार हवा असेल तर ते तुम्हीच लिहून ठेवा. घरचे स्वतःहून साधेपणा निवडू शकत नाहीत, कारण त्यांना तो कद्रूपणा वाटतो, आणि लोकांनाही वाटेल अशी भीती असते. टुटू यांनी डामडौल नको आणि मिळेल ती सगळ्यात स्वस्त शवपेटी आणा, असं सांगून ठेवलं होतं. १ जानेवारी २०२२ ला केप टाऊनमध्ये साध्या लाकडी पेटीत त्यांना निरोप दिला गेला. नोबेल मिळालेल्या माणसासाठी कुटुंबाने एवढा साधेपणा स्वतःच्या जबाबदारीवर निवडला असता का, याचा विचार करा.

खर्चाची रक्कम कुठून येणार, हे लिहा. फक्त तुमच्या नावावरच्या खात्यातले पैसे या कामासाठी धरू नका. मृत्यूची माहिती मिळाली की बँक ते खातं थांबवते आणि कागदपत्रं पूर्ण होईपर्यंत पैसे निघत नाहीत. जोडीदारासोबतचं, दोघांपैकी कोणालाही चालवता येणारं संयुक्त खातं असेल तर तिथे ही रक्कम ठेवा, किंवा जबाबदार व्यक्तीकडे थोडी रोख देऊन ठेवा.

अंत्यसंस्काराचे पैसे आगाऊ भरून घेणाऱ्या योजना काही देशांत लोकप्रिय आहेत. त्यांच्याबाबत मी सावध आहे. ब्रिटनमध्ये २०२२ मध्ये अशी एक कंपनी बुडाली आणि हजारो लोकांनी भरलेले पैसे अडकले. त्याच वर्षी २९ जुलैपासून तिथे या योजना वित्तीय नियामकाच्या देखरेखीखाली आल्या. योजना घ्यायचीच असेल तर तिच्यावर कोणत्या नियामकाचं लक्ष आहे, पैसे स्वतंत्र ट्रस्टमध्ये जातात का, कंपनी बंद पडली तर काय, तुम्ही दुसऱ्या गावी गेलात तर काय, याची लेखी उत्तरं घ्या. अंत्यसंस्काराची सेवा देणाऱ्यांकडून प्रत्येक गोष्टीचा वेगळा दर मागा. अमेरिकेत १९८४ पासूनच्या नियमानुसार त्यांना तसा दरपत्रक द्यावाच लागतो. नियम नसला तरी मागायला कोणी अडवत नाही.

पायरी ७: दाखल्याची माहिती आणि फोन

मृत्यूच्या नोंदणीसाठी लागणारी माहिती एका पानावर लिहा. ओळखपत्रावर आहे तसंच पूर्ण नाव, जन्मतारीख, जन्मस्थळ, आईवडिलांची नावं, जोडीदाराचं नाव, कायमचा पत्ता, ओळखपत्रांचे क्रमांक. नावाच्या स्पेलिंगमध्ये एका अक्षराचा फरक पडला तरी विमा, बँक, निवृत्तिवेतन सगळीकडे फेऱ्या होतात. तुमच्या कागदपत्रांतच नावं वेगवेगळी असतील तर ती दुरुस्ती आत्ताच करा. तुम्हाला ती सोपी जाते, वारसांना फार जड जाते. दाखल्याच्या अधिकृत प्रती बऱ्याच काढाव्यात, हेही लिहा.

फोनचा पासकोड बंद पाकिटात ठेवा. संपर्क, फोटो, बँकेचे ओटीपी, सगळं त्यात असतं. सिमकार्ड लगेच बंद करू नये, सगळी खाती मार्गी लागेपर्यंत ते चालू ठेवावं. गूगलमध्ये खातं ठरावीक काळ, म्हणजे ३ ते १८ महिने, वापरात नसेल तर कोणाला कळवायचं आणि काय द्यायचं हे आधी ठरवता येतं. आयफोनमध्ये वारसदार संपर्क नेमता येतो, त्याला मिळालेली कळ आणि मृत्यूचा दाखला लागतो. फेसबुकवरही तशी सोय आहे. ही सगळी सेटिंग एका बसणीत होतात.

पायरी ८: कागद लिहा

एक पान, फार तर दोन. ठळक अक्षरात. नमुना असा:

"माझ्या मृत्यूनंतर सगळे निर्णय माझी भाची घेईल. ती नसेल तर माझा धाकटा भाऊ. त्यांचे नंबर खाली आहेत. मी दोघांशी बोलले आहे.

लगेच नेत्रपेढीला फोन करा. नंबर खाली आहे. माझ्या छातीत पेसमेकर आहे.

माझं दहन दाहिनीत करावं. मुलासाठी २४ तासांपर्यंत थांबावं. तो पोहोचला नाही तर त्याने वाईट वाटून घेऊ नये, ही माझी त्याला विनंती आहे.

धार्मिक विधी नकोत. माझ्या बहिणींना प्रार्थना करायची असेल तर जरूर करावी. हातातली अंगठी काढून सुनेला द्यावी.

रक्षा महिन्याभरात गावाजवळच्या नदीत सोडावी. खर्चाचे पैसे संयुक्त खात्यात आहेत. इथे न लिहिलेल्या गोष्टी तुम्ही ठरवाल ते मला मान्य आहे."

खाली सही, तारीख, दोन साक्षीदार. शेवटचं वाक्य माझ्या मते साऱ्या कागदाचा आधार आहे. तुम्ही सगळं आधी ओळखू शकत नाही, पण न ओळखलेल्याला संमती देऊ शकता.

हा कागद मृत्युपत्रापासून वेगळा ठेवा. मृत्युपत्र बऱ्याचदा अंत्यसंस्कार उरकल्यावर उघडलं जातं, तोवर उशीर झालेला असतो. तसंच, शेवटच्या आजारात कोणते उपचार हवेत आणि कोणते नकोत याचं वैद्यकीय इच्छापत्र हाही स्वतंत्र दस्तऐवज आहे, त्याचे नियम देशोदेशी वेगळे असतात. भारतात सर्वोच्च न्यायालयाने ते २०१८ मध्ये मान्य केलं आणि २०२३ मध्ये त्याची प्रक्रिया सोपी केली. तिन्ही कागद एकमेकांत मिसळू नका.

पायरी ९: कागद कुठे ठेवायचा

बँकेच्या लॉकरमध्ये तर मुळीच नको. रात्री दोन वाजता लॉकर उघडत नाही. मूळ प्रत घरात, सगळ्यांना माहीत असलेल्या जागी, वैद्यकीय फायलीसोबत ठेवा. एक प्रत जबाबदार व्यक्तीकडे, एक दुसऱ्या व्यक्तीकडे, आणि फोटो काढून दोघांच्या फोनवर. पाकिटात एक छोटी चिठ्ठी असू द्या, "माझ्या इच्छा लिहिलेल्या आहेत, या नंबरवर फोन करा." पासकोडचं पाकीट मात्र प्रतींसोबत वाटू नका, ते एकाच ठिकाणी राहू द्या.

पायरी १०: घरच्यांशी बोला

ही पायरी शेवटाकडे लिहिली असली तरी सगळ्यात जास्त वेळ हिला द्यायचा आहे. विषय काढला की पहिलं उत्तर येतं, "आई, असलं अभद्र बोलू नकोस." ते ऐकून गप्प बसू नका. "मला काही झालेलं नाही. तुम्हाला त्या दिवशी गोंधळायला होऊ नये म्हणून दहा मिनिटं ऐका," एवढं म्हणा. एकदम सगळ्यांना समोर बसवून वाचून दाखवण्यापेक्षा आधी एकेकाशी बोलणं बरं. ओळखीत कोणाचा मृत्यू झाला असेल तर काही दिवसांनी विषय आपोआप निघतो. तिथे काय अवघड गेलं, हे विचारूनही सुरुवात करता येते.

सांगण्याआधी विचारा. "मी गेल्यावर तुला सगळ्यात जास्त काय अवघड जाईल?" मुलगी म्हणेल, मला तुला शेवटचं बघायचं आहे. तुम्ही "दर्शन नको" लिहिलेलं असेल तर ते खोडा. जोडीदार म्हणेल, माझी जागा तुझ्या शेजारीच हवी. मुलाला देहदानाची कल्पनाच सहन होत नसेल तर त्याला वेळ द्या, महाविद्यालयात सोबत घेऊन जा, त्याचे प्रश्न तिथल्या शिक्षकांना विचारू द्या. काही बाबतीत तुम्ही ठाम राहाल, काही सोडाल. जे सोडाल ते मनापासून सोडा आणि तसं कागदावर बदला, म्हणजे नंतर कोणालाही "आपण तिचं मन मोडलं" असं वाटणार नाही.

कोणी ऐकायलाच तयार नसेल तर जबरदस्ती नको. कागद कुठे आहे तेवढं सांगा आणि काही महिन्यांनी पुन्हा विषय काढा.

पायरी ११: बदलत राहा

वर्षातून एक दिवस ठरवा, वाढदिवस सोयीचा पडतो, आणि कागद पुन्हा वाचा. घर बदललं, लग्न किंवा घटस्फोट झाला, मोठं आजारपण आलं, ऑपरेशन होऊन शरीरात एखादं उपकरण बसलं, किंवा नेमलेली व्यक्ती दूर गेली तर वाढदिवसाची वाट बघू नका. नेत्रपेढी, दाहिनी, शवागार यांचे नंबर लागतात का, ते फोन लावून तपासा. बदल केला की नवी तारीख घाला, पुन्हा सही करा, ज्यांच्याकडे प्रती आहेत त्यांना नवी द्या आणि जुन्या परत घेऊन फाडून टाका. दोन वेगवेगळ्या तारखांचे कागद घरात राहिले, तर वाद पुन्हा तिथूनच सुरू होतो.